कच्चा डाग

माझं काम बुडबुडे बघायचं होतं. घाटकोपरला आग्रा रोडच्या कडेला आमचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे कमरेइतकी उंच सिमेंटची पाण्याची टाकी. बाबा दुरुस्त केलेला रेडिएटर त्यात बुडवायचे, एका तोंडाला रबरी बूच ठोकायचे आणि दुसऱ्या तोंडातून कंप्रेसरची हवा सोडायचे. कुठे भोक राहिलं असेल तर तिथून बुडबुड्यांची बारीक माळ वर यायची. ती माळ शोधायची, आणि नसली तर मोठ्याने "ओके" म्हणायचं. बी.कॉम. होऊन, बँकांच्या परीक्षा देऊन, पंचविसाव्या वर्षी मी हे करत होते. त्यामुळे नाकावर राग कायम असायचा.

सोल्डरिंगला आमच्याकडे डाग म्हणतात. बाहेरच्या जगात डाग म्हणजे कलंक, आमच्या दुकानात डाग म्हणजे भाकरी. डाग सांध्याच्या आत शिरला तर पक्का, नुसता वर बसून राहिला तर कच्चा. दिसायला दोन्ही सारखेच, निदान गिऱ्हाइकाला तरी. मी ओके म्हटलं की बाबा रेडिएटरला काळा रंग मारायचे. त्या रंगाखाली काय काय असायचं ते आम्हालाच माहीत. एखादी नळी फारच कुजलेली असली तर ती दोन्हीकडून चेपून बंद करायची आणि वर रंग. ट्रकच्या रेडिएटरच्या चार नळ्या मेल्या तरी ट्रक घाट चढतो. गिऱ्हाइकाला हे सांगायची पद्धत नव्हती. मी एकदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." हे त्यांचं एकट्याचं नव्हतं, त्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांचं होतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. एका दुपारी एक उंच, सडपातळ गृहस्थ टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीसेक वर्षं काढून नुकतेच रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. टॉवेल उघडला तर आत चेपलेली, फाटलेली ॲल्युमिनियमची जाळी.

"मिस्त्री, हा कशाचा सांगा बघू."

बाबांनी हात फिरवला. "तेलाचा कुलर दिसतोय. पण ॲल्युमिनियमला आमचा डाग धरत नाय, साहेब. आम्ही तांब्या-पितळेची माणसं."

"मग तांब्या-पितळेत नवा करा."

"कुठल्या गाडीला बसवायचा?"

"गाडीक नाय. विमानाक."

मी फस्सकन हसले. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टाकीकडे तोंड फिरवलं. पण साहेब मुळीच रागावले नाहीत. "हास गो," म्हणाले, "माझी बायकोसुद्धा हसता." पुढे मी त्यांना काका म्हणू लागले. बाबा शेवटपर्यंत साहेबच म्हणत राहिले.

विमान खरंच होतं. मुलुंडला चेकनाक्याजवळ लाकडाच्या एका बंद वखारीत काका ते कितीतरी वर्षं बांधत होते. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, दोन माणसांची जागा. तारुण्यात काकांनी एअरफोर्समध्ये फिटरचं काम केलं होतं, म्हणजे विमानं दुरुस्त करायची आणि दुसऱ्यांनी उडवायची. नंतर कारखान्यातला सगळा ओव्हरटाइम घालून ते उडवायला शिकले, लायसन्स काढलं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतः बांधलेलं स्वतः उडवायचं, बस्स. दर वर्षी डॉक्टरी तपासणी होती आणि दर वर्षी ती जास्त कडक व्हायची, त्यामुळे घाई होती.

इंजिन मात्र कारचं होतं. कुणा श्रीमंताने हौसेने आणलेली जपानी गाडी खांबावर आदळली, तिचं इंजिन काकांनी कुर्ल्याच्या भंगारातून उचललं होतं. ते रोटरी इंजिन. त्यात वरखाली पळणारे पिस्टन नाहीत. एक फुगीर तिकोनी तुकडा आत गरगर फिरतो, एवढंच. आकाराने लहान, वजनाला हलकं, मोडायला भाग कमी. काका त्याच्यावर लेकरासारखा हात फिरवायचे. "पण ह्याची एक खोड आहे," त्यांनी बाबांना समजावलं. "तो आतला तुकडा तेलाने थंड होतो. म्हणजे तेल नुसतं वंगण नाय, अर्धं काम त्याचं. पाणी गेलं तर खाली यायला थोडा वेळ तरी मिळेल. तेल गेलं तर मिनिटा-दोन मिनिटांत इंजिन जाम होणार आणि पंखा उभा राहणार."

"आणि तेव्हा तुम्ही कुठे असणार?" मी विचारलं.

"जुहूहून उडालो तर एका बाजूक समुद्र, दुसऱ्या बाजूक माणसांची घरां," काका म्हणाले. "दोनातलो एक निवडूचो."

म्हणजे त्या कुलरवर एका माणसाचा जीव होता, आणि तो कुलर आमचे बाबा करणार होते.

पहिला कुलर बाबांनी आमच्या नेहमीच्या पद्धतीने केला. पितळी नळ्या, तांब्याच्या पट्ट्या, सांध्यांना शिसं-कथलाचा डाग. टाकीत सात किलो दाबाची हवा मारली, एक बुडबुडा नाही. मी ओके म्हटलं. मुलुंडच्या वखारीत विमानाची शेपटी जाड दोराने खांबाला बांधून काकांनी इंजिन सुरू केलं. सगळी वखार थरथरू लागली, भुशाचे लोट उडाले. वीसेक मिनिटांनी कुलरच्या खालच्या पेटीतून आधी एक थेंब पडला, मग धारच लागली. तेलाबरोबर चकचकीत शिशाचे थेंबही जमिनीवर पडले. तेलाच्या उष्णतेने डाग मऊ झाला होता आणि दाबाने सांधा उघडला होता. बाबांचा डाग वितळून पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी बाबा चांदीच्या डागाची तार आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घेऊन आले. लहानपणी जालन्याला एका तांबटाच्या भट्टीवर त्यांनी भाता मारला होता, तेव्हाचं शिकलेलं बाहेर काढलं. चांदीच्या डागाला उष्णता फार लागते. सांध्यावर टाकणखार लावून ज्योत मारली की तो आधी लाह्यांसारखा फुलतो, मग वितळून काचेसारखा पसरतो. धातूला विटेचा रंग आला की तार टेकवायची. रंग बरोबर असेल तर चांदी पाण्यासारखी पळते आणि सांध्यात शिरते. रंग कमी पडला तर तिचा गोळा होतो आणि तो वरच बसून राहतो. हे सगळं डोळ्यांवर चालतं, त्याला गेज नाही. बाबांनी चार दिवस दुकानाचं बाकी काम बंद ठेवून दुसरा कुलर केला. तो टिकला. विमान पंख काढून ट्रकने जुहूच्या धावपट्टीच्या कडेला नेलं, तिथल्या एका शेडमध्ये पुन्हा जोडलं, आणि हिवाळाभर काका दर रविवारी जमिनीवरच इंजिन चालवत राहिले. तेलाचा दाब, तेलाची उष्णता, सगळं वहीत लिहीत. बाबा प्रत्येक वेळी जायचे आणि आल्यावर आईला सांगायचे, "कोरडा ठक्क होता."

त्याच हिवाळ्यात माझी आणि बाबांची रोज जुंपायला लागली. ट्रकच्या रेडिएटरमध्ये त्यांच्या हातून भोकं राहू लागली. ज्या माणसाचं काम मी एरवी एका ओकेवर पास करायची, त्याचा रेडिएटर दोन-दोनदा टाकीतून बाहेर काढावा लागत होता. चहाचा ग्लास त्यांच्या कोपराला लागून सांडायचा. बाजूने कुणी हाक मारली तर ते दचकायचे. "बल्बला कडं दिसतंय," असं ते एकदा म्हणाले होते, आणि मी म्हटलं होतं, "बल्ब पुसा मग." मला वाटायचं, विमानाच्या नादात ह्यांचं धंद्यातलं लक्ष उडालंय. आळस आलाय. मी ते तोंडावर बोलून दाखवलं. "लक्ष कुठंय तुमचं? गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

बाबा सहसा चिडत नसत, त्या दिवशी चिडले. "तू बुडबुडे बघ. डाग माझा, बुडबुडे तुझे. माझ्या कामात तोंड घालायचं काम नाय."

"बरं," मी म्हटलं. "आजपासून बुडबुडेच बघते."

आणि मी तसंच केलं. मी हट्टी आहे, हे माझ्या आईने मला जन्मभर सांगितलं.

काकांना पहिल्या उड्डाणाची परवानगी मिळाली. रविवार ठरला. त्याआधीच्या गुरुवारी शेवटची चाचणी घेताना कुलरचा एक कोपरा ओला दिसला. कुलर चौकटीला थेट बोल्टाने आवळलेला होता, इंजिनाच्या थरथरीने सांध्याला केसासारखी चीर गेली होती. बोल्टाखाली घालायला काकांनी स्कूटरच्या रबरी बुशा आणल्या, आणि कुलर उतरवून शुक्रवारी आमच्याकडे घेऊन आले. बरोबर काकू होत्या, त्या पहिल्यांदाच दुकानात येत होत्या. काका बाबांना चीर दाखवत होते तेव्हा काकू माझ्याजवळ टाकीपाशी उभ्या राहिल्या. मग एकदम बाबांकडे वळून म्हणाल्या, "मिस्त्री, माका त्यातला काय कळणा नाय. पण ह्येंचो जीव आता तुमच्या हातात आसा."

बाबांनी मान डोलावली. "वैनी, काळजी करू नका."

शनिवारी सकाळी बाबांनी तो कोपरा घासला, टाकणखार लावला, ज्योत धरली. मी तीन हातांवर टाकी भरत होते. बघायचं नव्हतं तरी बघत होते. टाकणखार फुलला, वितळला, काचेसारखा चमकला. बाबांनी तार टेकवली. पण धातूला विटेचा रंग आला नव्हता, नुसता काळपट होता. चांदीचा बारीक गोळा झाला आणि चिरेच्या वर, एका बाजूला बसला. आता बाबा पुन्हा ज्योत मारतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी कुलर उजेडाकडे तिरका धरला, बघितलं आणि म्हणाले, "बसली."

मी आतून उकळले. दिसतंय ह्यांना, मला वाटलं, आणि तरी सोडून देतायत. ट्रकच्या नळीसारखं. आत्ता रंग मारतील आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या तोंडावर आलं होतं: बाबा, तो डाग कच्चा आहे. पण पोरीने बापाला त्याच्या हातातलं काम कच्चं आहे म्हणायचं, ते मला जड गेलं. आणि खरं सांगायचं तर जड गेलं म्हणून नव्हे, रुसव्यापोटी गप्प बसले. डाग तुमचा, बुडबुडे माझे. बुडबुडे आले की कळेलच तुम्हाला, पुन्हा करावं लागेल.

सात किलो हवा मारली. मी त्या कोपऱ्यावर डोळे रोखून बसले. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. बुडबुडा नाही. दाब वाढवायला लावला, तरी नाही. मला काही समजेना.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"ओके," मी म्हटलं.

त्यांनी काळा रंग मारला. संध्याकाळच्या आत काका येऊन कुलर घेऊन गेले.

रविवारी मी जाणार नव्हते. पण घरी बसवेना. बाबा सहसा रविवारी सकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात जायचे, त्या दिवशी गेले नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी. अंधेरीच्या पुढे गेल्यावर ते म्हणाले, "आपला डाग आज आभाळात जायचाय बघ." ते इतक्या कौतुकाने म्हणाले की मला त्यांची चीड आली. आपण काय करून ठेवलंय ते ह्यांना माहीत आहे आणि तरी असं बोलवतं कसं, असं वाटलं. मग वाटलं, बुडबुडे नव्हते. नव्हतेच. मी नीट बघितलं होतं. हवा अडते तर तेल का नाही अडणार? असं मी जुहू येईपर्यंत स्वतःला समजावत राहिले.

शेडपाशी काकू नारळ घेऊन उभ्या होत्या. परवानगीचे दोन अधिकारी कागद बघत होते. काका विमानात बसले, डोक्यावर जुनं चामडी हेल्मेट, अंगात पांढरा हाफ शर्ट. इंजिन सुरू झालं. ते गरम होईपर्यंत दहा मिनिटं जमिनीवर चालवायचं होतं. काकूंनी नारळ फोडला, पाणी चाकापाशी शिंपडलं, आणि पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्यांचे हात बघितले आणि माझं स्वतःला समजावणं संपलं. मी धावत गेले. एक अधिकारी ओरडला, मी थांबले नाही. काकांनी मला पंख्याच्या बाजूला येताना बघितलं आणि इंजिन बंद केलं.

"काय झाला?"

"काका, तो डाग कच्चा आहे. मी काल डोळ्यांनी बघितला. चांदी आत शिरलीच नाही. बाबांनी वरून रंग मारून झाकलं."

हे मी मोठ्याने म्हटलं. दुकानात कंप्रेसरच्या आवाजात मोठ्याने बोलायची सवय झाली होती आणि इंजिन तर बंद झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं. बाबांनीही.

काका खाली उतरले. झाकण उघडलं, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कोपऱ्यावरचा रंग खरवडला. रंगाखालून काचेसारखी एक पातळ कपची टचकन उडाली. तिच्याखाली चीर होती, आणि चिरेतून तेलाचा एक थेंब सावकाश वर आला.

"टाकणखार," काका म्हणाले. "ह्याने चीर बुजवलेली, म्हणून हवा अडली. गरम तेल आणि थरथर मिळाली असती तर वर गेल्यावर सुटला असता." ते कुणावर रागावून बोलत नव्हते, यंत्राबद्दल बोलावं तसं बोलत होते. "उकळत्या पाण्यात धुवून मग हवा मारायला हवी होती. ट्रकच्या डागाला टाकणखार नसतो, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नाय."

बाबा पुढे आले. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. अंगठ्याला लागलेलं तेल दुसऱ्या बोटाने चोळून बघितलं. मग माझ्या दिशेने तोंड केलं.

"मला चमकताना दिसलं गं," ते म्हणाले. "मला वाटलं चांदी पळाली."

मला क्षणभर अर्थच लागला नाही. काकांना लागला. ते बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर हात धरला. "मिस्त्री, बोटां किती?"

"कुठली बोटं?" बाबा म्हणाले.

काकांनी हात खाली घेतला. बाबांनी मला विचारलं, "काल तू बघितलंस?"

"हो."

"चांदी शिरली नाय, हे दिसलं तुला?"

"हो, बाबा."

"मग मला का नाय सांगितलंस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणं मला जमतं. ते खरोखर विचारत होते, त्यांना कळत नव्हतं म्हणून. मी म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला दिसतंय." काकूंनी माझे दोन्ही हात धरले, "देवान तुका बुद्धी दिल्यान गो, चेडवा," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला त्यांचे आभार नको होते. आपण एका माणसाला वाचवलं असं मला एक क्षणही वाटलं नाही. ज्या माणसाला दिसत नव्हतं त्याला मी चारचौघांत लबाड ठरवलं, एवढंच मला वाटत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे तो काढता येईल, पण मागे काचबिंदू आहे. बाजूची नजर गेलीच आहे, गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची. "किती दिवसांपासून अडखळतायत?" त्यांनी विचारलं. आई माझ्याकडे बघायला लागली. सांडलेले ग्लास, बल्बभोवतीचं कडं, राहिलेली भोकं, सगळं मी बघितलं होतं. प्रत्येक वेळी मी त्याला आळस म्हटलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं, "वर्ष-दीड वर्ष तरी झालं असेल." लवकर आणायला हवं होतं, ते म्हणाले.

बाबा तीन आठवडे दुकानात आले नाहीत. काका दोनदा घरी येऊन गेले. कुलर दुसरीकडे करून घेतो असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, नुसते चहा पिऊन गेले. चौथ्या आठवड्यात बाबा स्वतःच उठले आणि दुकानात येऊन ज्योत पेटवली. मला म्हणाले, "इथं बस. समोर. आणि जे दिसंल ते तोंडानं बोल. माझी भीड धरू नको."

मी बसले. टाकणखार फुलला. "फुलला," मी म्हटलं. "आता काच झाली. रंग काळपट. अजून काळपट. बाबा, थांबा, तार नको अजून. आता तांबूस. आता वीट." त्यांनी तार टेकवली. "पळाली," मी म्हटलं, "पण डावीकडे राहिलीय." त्यांनी ज्योत डावीकडे नेली. दोन दिवस आम्ही असं काम केलं. तेवढ्या काळात मी त्यांना सतरा वेळा तरी कच्चं म्हटलं असेल आणि त्यांनी सतरा वेळा पुन्हा केलं. मग कुलर उकळत्या पाण्यात टाकला, टाकणखार निघून जाईपर्यंत तारेच्या ब्रशने घासला आणि मगच टाकीत बुडवला. शेवटी काळ्या रंगाचा डबा मी उचलला तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. उघडाच जाऊ दे."

काका उडाले ते त्यानंतरच्या एका रविवारी, उन्हाळा लागता लागता. विमान धावत गेलं आणि उचललं गेलं, पुढे समुद्रावर वळलं. काकू खाली मातीत बसल्या होत्या, त्यांनी वर बघितलंच नाही. बाबांना आभाळातलं काही दिसत नव्हतं, ते आवाजाच्या दिशेने मान फिरवत होते. बारा-पंधरा मिनिटांनी विमान उतरलं, एकदा उसळलं आणि थांबलं. काका उतरले ते हसतच. अधिकाऱ्यांनी हात मिळवले, कुणीतरी पेढे काढले, काकू उठून पदराने डोळे पुसायला लागल्या. काका म्हणाले की पेढा खाऊन लगेच दुसरी फेरी, ह्या वेळी जरा लांबची.

बाबा मात्र विमानापाशी गेले. झाकण उघडायला लावलं, कुलरच्या खाली तळहात धरला, कोपऱ्याकोपऱ्यावरून बोटं फिरवली. "मला कोरडं लागतंय," ते म्हणाले. "तू बघ."

मी वाकले. चारही कोपरे कोरडे होते, आमचे सगळे डाग पक्के होते. पण वरच्या होज पाईपच्या क्लिपखाली, जिथे बाबांचं बोट पोचलं नव्हतं, तिथे नखाएवढी तेलाची ओल होती. ती कदाचित जोडतानाचीही असेल. मागे सगळे हसत होते. काकांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, त्यांचं हेल्मेट अजून डोक्यावर होतं.

"क्लिपखाली ओल आहे, बाबा," मी म्हटलं.

मागचं हसणं थांबलं. बाबा सरळ उभे राहिले आणि जिथून काकांचा आवाज येत होता तिकडे वळून म्हणाले, "साहेब, आज पुन्हा उडवू नका. माझी पोरगी ओल सांगतेय."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि हेल्मेट काढून काकूंच्या हातात दिलं.